तांबडी थंड होईपर्यंत

जव्हार, ६ ऑक्टो. १९५३

मोखाड्याला जाऊन आले. सोमाने गाडी चालवली, मी शेजारी. येताना चढावर इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. अंगणात गाडी उभी राहिली तसं सोमाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मोजायला लागले. चोवीस मेरी. मग इंजिन बंद, मग बॉनेट वर, मग अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. य. ची पद्धत, आमच्या यजमानांची. य. जाऊन तीन वर्षं झाली, पद्धत आहे.

य. म्हणायचे, "दौडत आलेला घोडा आपण लगेच दावणीला बांधतो का? फिरवून फिरवून त्याचा श्वास बसवतो. हिचंही तेच." इंजिन एकदम बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, आणि आतली आग जिथल्या तिथे कोंडते. म्हणून उभ्या गाडीत इंजिन हळू चालू ठेवायचं. आठ मिनिटं.

आठ मिनिटांच्या चोवीस मेरी कशा, ते मला आणि य. ना ठाऊक. पाचगणीच्या शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस अंडी उकडायला ठेवून 'हेल मेरी'ची प्रार्थना नऊ वेळा म्हणायच्या. तीन मिनिटं बरोबर. पहिल्यांदा घाट चढून आलो तेव्हा य. चं घड्याळ बंद पडलेलं. मी म्हटलं, मी मोजते. य. इतके हसले! "बाप्तिस्म्याशिवाय माझी गाडी ख्रिस्ती केलीस तू, लीला."

आजही सोमा चोवीस होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. नंतर म्हणाला, "निवली तांबडी." लाल गाडीला तो गाय असल्यासारखं तांबडी म्हणतो. आता आम्ही सगळेच म्हणतो.

९ ऑक्टो.

तांबडी असते त्या जुन्या तबेल्याच्या दारामागे य. नी पांढऱ्या रंगात लिहिलेले नियम पुसट होत चालले आहेत. आज ओल्या फडक्याने पुसले, हलक्या हाताने.

१. आल्याबरोबर बंद नाही.
२. तोंड वाऱ्याकडे.
३. बॉनेट उघडे, झाकण नाही. (म्हणजे रेडिएटरचं. एकदा य. चा हात त्याने भाजला होता, तेव्हा हा नियम झाला.)
४. गरम इंजिनाला गार पाणी कधीही नाही. कधीही.

दुसऱ्या 'कधीही'च्या खाली दोन रेघा आहेत.

विलीनीकरणाच्या साली संस्थानचा मोटारखाना उठला. मोटारखान्याचे प्रमुख होते य.; त्यांना कारकुनाची खुर्ची दाखवण्यात आली. जे रोज मुजरा करून जायचे ते रस्ता बदलून जाऊ लागले. त्या दिवसांत आमच्या दारी फक्त सोमा आला. मोटारखान्यात क्लीनर होता, मोखाड्याकडचा, डोंगरपाड्यावरचा. आला आणि पायरीवर बसला. "सायेब, मी कुठं जाऊ?" य. म्हणाले, "तांबडी चालते तोवर तू इथे." देवळालीच्या एका गोऱ्या कप्तानाने फार पूर्वी विलायतेला जाताना दिलेली ही दोन माणसांची गाडी, तेवढीच आमच्याकडे उरलेली. सोमा तबेल्यामागच्या खोलीत राहायला आला. य. नी शेवटच्या आजारात ते वाक्य मला पुन्हा ऐकवलं. मी हो म्हटलं.

दत्ताचं पत्र. दसऱ्याला येतोय, नलूला घेऊन. दोन वर्षांनी!

१० ऑक्टो.

दत्ताची खोली झाडून काढली. गादीला ऊन दिलं.

सासूबाई गेल्या तेव्हा दत्ता सात वर्षांचा. माझ्याच मांडीवर वाढलेला दीर. मला मूल झालं नाही याची आठवण त्याने कधी होऊ दिली नाही. गाडीत तो माझ्या आणि य. च्या मधे बसायचा आणि मेरी मोजायचं काम त्याचं. लबाड! खाली उतरायची घाई असायची, म्हणून भराभरा म्हणायचा, शब्दांवर शब्द. पाच मिनिटांत चोवीस संपवायचा. य. शांतपणे म्हणायचे, "पुन्हा. पहिल्यापासून." तोंड एवढंसं व्हायचं त्याचं.

अनारसे त्याला लागतात. तांदूळ भिजत घातले.

१४ ऑक्टो.

आले. दत्ता जाड झाला आहे. मुंबईची हवा आणि कंपनीची नोकरी. वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या डोक्यावर विरळ केस दिसले आणि मला उगीच रडू आलं. नलू म्हणाली, "वहिनी, हे वाटभर तांबडीबद्दलच बोलत होते."

सोमा लांबूनच हसला. दत्ता त्याला म्हणाला, "काय रे सोम्या, अजून जिवंत?" सोमा म्हणाला, "तुमच्या किरपेनं, सायेब." य. त्याला कधी सोम्या म्हणाले नाहीत.

१७ ऑक्टो. दसरा

विजयमुहूर्त दुपारचा. दत्ता जेवण झाल्याबरोबर तांबडी घेऊन घाटात गेला, एकटाच. "वहिनी, जरा चालवण्याचा हात साफ करून येतो." सोमाला बरोबर घेतलं नाही. मी सोमाला आपट्याची पानं आणायला धाडलं.

दसऱ्याच्या पूजेला मी अंगणात जात नाही, य. गेल्यापासून. कुणी काही म्हटलेलं नाही, मीच ठरवलं. नलू ओवाळणार होती. मी आत खिडकीजवळ पडद्याआड, देवघरात वाती करत होते.

गाडी आली ती ओरडतच. गुरुजी दारात ताटकळलेले, मुहूर्त टळतोय म्हणून कावलेले. सवयीने मी मोजायला लागले. चौथ्या मेरीला इंजिन बंद झालं. गुरुजींना मंत्र म्हणायचे असतील, आवाजात काय ऐकू येणार. मग मंत्र सुरू झाले. मधेच च्यर्र असा मोठा आवाज झाला, नलूने कढईत काही टाकलं असेल असं वाटलं. टाळ्या वाजल्या. दत्ता हसत होता.

संध्याकाळी सोन्याची देवघेव. दत्ताने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा, वहिनी." खूप दिवसांनी घर भरलेलं. दिवेलागणीआधी सोमाने तांबडी धुतली. अनारसे फसले नाहीत.

१८ ऑक्टो.

सकाळी सोमाने हाक मारली. त्याचा आवाज ऐकूनच समजलं. तांबडीखाली पाणी सांडलेलं. तेलाची काडी काढून दाखवली, तेल दुधासारखं पांढरं. पाणी आत उतरलं आहे. इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, बोटभर चीर.

मी पायरीवर बसले.

दत्ता बाहेर आला. पाहिलं. मग म्हणाला, "काल संध्याकाळी बादल्या ओतत होता ना हा. मी वरून पाहिलं."

मी सोमाला विचारलं, "धुतलीस?"

"धुतली, बाय. पन निवल्यावं. हात लावून बघितला."

दत्ता म्हणाला, "सणाची घेतली होती याने. वास येत होता."

सोमाने मान खाली घातली. घेतली असेल, सणाला घेतो. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, तुमी तं मोजत व्हत्या ना?"

मला ते उद्धट वाटलं. मी काय मोजायचं होतं त्याची चूक होताना? मी बोलले त्याला. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून तो गेला. वळकटी घेऊन. मोखाड्याच्या रस्त्याने, पायीच. चौदा-पंधरा मैल.

१९ ऑक्टो.

दत्ता-नलू गेले. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. दत्ता म्हणाला, ऑफिसचं काम. नलू निघताना माझा हात सोडेना. मला वाटलं तिलाही तांबडीचं वाईट वाटतंय.

२६ ऑक्टो.

तबेला बंद. कुणी उघडायचं? सोमाच्या खोलीत त्याची घासलेटची चिमणी राहिली आहे, अर्धी भरलेली.

मोटारखाना धरून पंचवीस वर्षं मीठ खाल्लं, आणि चौथा नियम विसरला! ज्याच्या खाली दोन रेघा आहेत तोच. वाचता येत नसेल, पण य. नी त्याला तोंडाने शंभर वेळा सांगितला होता. माणसं अशीच. मोटारखान्यातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळा असं आपण धरून चालतो.

६ नोव्हें. लक्ष्मीपूजन

दोन पणत्या तबेल्याच्या दाराशी लावल्या. बस.

८ नोव्हें. भाऊबीज

दत्ता दिराच्या नात्याने नव्हे, भावाच्या नात्याने दर वर्षी साडी धाडतो. या वर्षीही आली. किरमिजी, मऊ. माझ्या आवडीचा रंग त्यानेच लक्षात ठेवावा. पत्र नाही, नुसती साडी.

१५ नोव्हें.

नाशिकहून करीम मिस्त्री आले. य. चे जुने स्नेही, सत्तरीचे, कानाने कमी. एस्टीतून उतरून चालत आले, चहासुद्धा नंतर म्हणाले. बॉनेट उघडून चिरेवरून बोट फिरवलं, चष्मा लावून वास घेतला. खरंच, इंजिनाचा वास घेतला.

"पाणी कुणी मारलं?"

"ड्रायव्हरने. संध्याकाळी धुताना."

"गाडी येऊन उभी कधी राहिली?"

"दुपारी. अडीच."

"आणि धुतली?"

"दिवेलागणीआधी. साडेपाच असतील."

मिस्त्री हसले. "तीन तास! बाईसाहेब, तीन तासांत हे लोखंड तुमच्या-माझ्या हातासारखं गार. त्यावर नदी सोडा, काही होणार नाही. हे पाणी तापल्या तोंडावर बसलंय. बंद केल्यावर दोन-चार मिनिटांत. आणि बादलीचं नाही हे. बादलीचं पाणी पसरतं. हे धार धरून एका जागी ओतलंय, वरून. तांब्याने ओततात ना, तसं."

मी चिरेकडेच बघत होते. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही म्हणून तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

हेडला टाके घालणारा एक जण मुंबईत आहे म्हणाले, जमलं तर जमलं. चहा घेऊन शेवटच्या गाडीने गेले.

ते गेल्यावर ही वही मागे उलटली. १७ तारीख. 'चौथ्या मेरीला इंजिन बंद झालं.' माझ्याच अक्षरात. 'मधेच च्यर्र असा मोठा आवाज झाला.' माझ्याच अक्षरात.

नलू अंगणात ताम्हन घेऊन उभी होती. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. कढई कुणाची?

इंजिनाची आग किती वेळ टिकते हे मला कळत नव्हतं का? य. नी मला हात धरून शिकवलं. अर्ध्या तासाने बॉनेटला तळहात टेकवता येतो, तासाने आतल्या नळ्यांना. तीन तासांचा हिशेब मला मिस्त्रींनी सांगावा लागला. मी केलाच नाही. करायचा नव्हता मला.

१७ नोव्हें.

गुरुजी आले, कार्तिकी पौर्णिमेच्या दिव्यांसाठी तेल मागायला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "दसऱ्याची पूजा छान झाली ना?"

"वा, वा! दत्तासाहेबांनी तर कमाल केली. मी म्हटलं, चाकांवर पाणी घाला, नेहमीप्रमाणे. ते म्हणाले, गुरुजी, पूर्वी घोड्याच्या खुरांवर घालायचे ना? आता घोडा कुठे आहे? घोडा या डब्यात आहे. आणि ते बॉनेट उघडून कलशभर विहिरीचं पाणी घातलं की हो आत! काय वाफ उसळली! होमासारखी. मी दोन पावलं मागे सरलो. लोकांनी टाळ्या पिटल्या."

"सोमा कुठे होता?"

"तो पानं घेऊन येत होता. फाटकाशी उभा राहून बघत होता. त्याचं तोंड असं झालं..." गुरुजींनी तोंड करून दाखवलं. मग एकदम त्यांना समजलं असावं. तेलाची बाटली उचलली. "बाईसाहेब, मी म्हटलं होतं हो, चाकांवर घाला म्हणून."

या घरात दसऱ्याला घोड्याच्या खुरांवर पाणी घालायची चाल आजेसासऱ्यांपासूनची. घोडे गेल्यावर य. नी ती चाकांवर आणली. फक्त चाकांवर, तीही गाडी निवल्यावर. दत्ताने बारा-तेरा वर्षं ते पाहिलं. स्वतः घातलं. आणि यंदा, चार माणसांत जरा टाळ्या मिळाव्या म्हणून...

अंगणात किती जण होते? नलू, गुरुजी, शेजारचे दोघे-तिघे. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सोमा वळकटी घेऊन या सगळ्यांच्या दारांवरून गेला. एकानेही येऊन मला सांगितलं नाही. साहेबांचा भाऊ आणि डोंगरातला क्लीनर, कोण कशाला बोलेल. विलीनीकरणाने सगळं बदललं म्हणतात.

त्या दिवशी मी सोमाला काय म्हटलं ते आता लिहिते. म्हटलं, "जा. तुझं तोंड मला पुन्हा दिसू नये. साहेबांनी तुला माणसात आणलं आणि तू जंगलातलाच राहिलास."

लिहिलं.

१८ नोव्हें.

दत्ताला पत्र. 'चि. दत्ता' लिहून खोडलं. 'श्री. दत्तात्रेयभाऊजी यांस' लिहिलं. एकच प्रश्न विचारला: गरम इंजिनाला पाणी कुणी घातलं? साडी परत पाठवायला बांधली, मग सोडली. मग पुन्हा बांधली.

सात वर्षांचा दत्ता भराभरा मेरी म्हणायचा तेव्हा मला किती गोड वाटायचं. य. एकटेच म्हणायचे, पुन्हा, पहिल्यापासून. मी म्हणायचे, जाऊ द्या हो, लहान आहे.

२८ नोव्हें.

उत्तर आलं. दोन पानं. पहिल्या पानावर मुंबईतली थंडी, नलूची तब्येत. दुसऱ्यावर:

'वहिनी, हो, मीच घातलं. गंमत म्हणून. एवढं होईल असं वाटलं नाही. सकाळी चीर पाहिली आणि घाबरलो. दादा समोर उभे आहेत असं वाटलं. तोंडातून सोम्याचं नाव निघालं. नंतर मागे घेता येईना. एका मशिनीपायी आणि एका गड्यापायी आपलं नातं तोडू नका. त्याला दुसरीकडे काम मिळालं असेलच. आणि खरं सांगू, रागावू नका. मी त्याचं नाव घेतल्यावर तुम्ही मला एकसुद्धा प्रश्न विचारला नाहीत. त्यालाच विचारलेत. मला विचारलं असतंत तर कदाचित मी सांगितलं असतं.'

कागदाच्या कडेला पेन्सिलीने, बारीक, नलूचं अक्षर: 'वहिनी मी यांचा हात धरला होता. नंतर बोलायची हिंमत झाली नाही. क्षमा करा.'

पत्र चार वेळा वाचलं. राग कुठल्या ओळीचा आला? 'एका गड्यापायी' या ओळीचा यायला हवा होता. आला तो शेवटच्या ओळीचा, कारण ती खरी आहे.

त्याने मला फसवलं हे खरंच. पण त्याला फार कष्ट पडले नाहीत.

१ डिसें.

दोन दिवस पडून होते. डोकं जड. य. चा फोटो उलटा करून ठेवला, मग पुन्हा सरळ केला.

पोस्टमन म्हणाला, सोमा मोखाड्यात लाकडाच्या ट्रकवर आहे. बाजाराच्या दिवशी तिथेच असतो.

३ डिसें.

मोखाडा. एस्टीने गेले. पहिल्यांदाच. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी, सारखी विचारत होती, "बाय, तुमची तांबडी गाडी कुठं गेली?" या रस्त्यावर सगळ्यांना तांबडी ठाऊक.

बाजार भरलेला. नाचणी, सुकी मासळी, मडकी. ट्रक बाजाराच्या टोकाला, सागाच्या ओंडक्यांनी भरलेला, नुकताच चढ चढून आलेला. दुरूनच इंजिन ऐकू आलं. उभा ट्रक आणि इंजिन चालू.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उभा राहून ओरडत होता, "अरे सोमा, बंद कर ना! तेल जल रहा है, बाप का है क्या?"

वरून आवाज आला, "ठैरो उस्ताद. अब्बी नाय."

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "देखो माताजी, रोज का नाटक है. पर क्या करूं, जब से ये आया है, रेडिएटर एक बार नहीं फटा."

सोमा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. ओठ हलत होते. दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा सरकत होता. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. शब्द नव्हते, शब्द त्याला कधी आलेच नाहीत. नुसती माझी चाल. जिथे मी श्वास घेते तिथे त्याचा श्वास.

"सोमा," मी म्हटलं.

त्याने पाहिलं. थांबला नाही. अंगठा पुढच्या पेरावर गेला. मी थांबले. ती मोजणी मधेच तोडणारी मी कोण? उन्हात उभी राहिले. आणखी सात झाल्या. त्याने इंजिन बंद केलं, उतरला, बॉनेट उघडलं आणि हात पुसत माझ्यासमोर आला.

"बाय, यष्टीनं आल्या?"

"हो."

"तांबडी?"

"उभी आहे. करीम मिस्त्री येऊन गेले. सगळं कळलं मला. गुरुजींनी सांगितलं. दत्ताने पत्रात कबूल केलं."

तो चकित झाला. चीर कुणामुळे पडली याने नव्हे. "म्हंजे, बाय, तुमाला तवा ठावं नव्हता?"

"नव्हतं."

"तुमी तं आत मोजत व्हत्या. चारालाच बंद झाली. मी फाटकात व्हतो, मीबी मोजत व्हतो. मना वाटला, बायला सगला कललाय. कललाय तरी मना काढला. सायेबांचा भाऊ हाये, त्याला कसा काढतील, मंग मना काढला." तो जरा थांबला. "डेढ महिना मी ह्याच इचारात हाये."

म्हणजे तो विचारत होता. 'तुमी तं मोजत व्हत्या ना?' तो मला आठवण करून देत होता, आणि मी त्याला जंगलातला म्हटलं. दत्ताने मला एकदा फसवलं. सोमाला वाटत होतं, मी समजून-उमजून त्याला फसवलं. दीड महिना तो मला तशी समजत होता.

मी म्हटलं, "चुकले मी, सोमा. बोलले तेही चुकले." आवाज चढला असावा. मासळीवाल्या बायका वळून बघायला लागल्या.

"हळू, बाय. लोकां बघतात."

"बघू देत. तुला घालवलं तेव्हाही बघतच होते."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "चीर कोन्या बाजूला?"

"उजवीकडे. तिसऱ्या नळीखाली."

"लांब?"

मी बोट दाखवलं.

"टाके बसतील," तो म्हणाला. मिस्त्रींसारखंच.

"घरी येशील?"

तेवढ्यात ड्रायव्हरने हाक मारली. सोमाने बॉनेटजवळ हात नेला, टेकवला नाही, नुसता धरला, अजून गरम होतं. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुमची यष्टी सुटंल, बाय."

एस्टी सुटायला अर्धा तास होता.

६ डिसें.

साडी पोस्टात टाकली. दत्ताला पत्र लिहिलं नाही. काय लिहायचं? त्याच्यावर माया नाही असं लिहिता येत नाही, कारण आहे. त्याला या घरी यायला सांगताही येत नाही. नलूला चार ओळी लिहिल्या, तब्येत जप म्हणून.

गुरुजी समोरून आले आणि रस्ता बदलून गेले. हसू आलं.

९ डिसें.

तबेला उघडला. स्वतः. कोनाड्यातली जळमटं काढली. तांबडीवर धूळ. फडकं मारलं, बॉनेटला तळहात टेकवला. इतकं गार लोखंड मी तिचं कधी अनुभवलं नव्हतं. य. असते तर म्हणाले असते, गार गाडी म्हणजे झोपलेली, मेलेली नव्हे. की मीच त्यांच्या तोंडी घालते आहे?

दारामागच्या नियमांवर नवा रंग दिला. अक्षर त्यांचं, हात माझा. चौथ्याखाली दोन रेघा होत्या त्या दोनच ठेवल्या. पाचवा लिहावासा वाटला. काय लिहायचं सुचेना.

सोमाची खोली झाडली. चिमणीत घासलेट भरलं.

१२ डिसें.

दुपारचे तीन. जेवण होऊन पायरीवर बसले आहे, उन्हाला. वही मांडीवर.

चढावरून काहीतरी येतंय. मोठी गाडी, ओझ्याची. दुसऱ्या गियरमध्ये रडतखडत. लाकडाचे ट्रक इकडून रोज दोन-तीन जातात, नाशिककडे.

हा गेला नाही. फाटकाबाहेर उभा राहिला. करवंदीच्या जाळीमुळे इथून फक्त ओंडक्यांची टोकं दिसतात. कुणी उतरलेलं नाही. कुणी हाक मारलेली नाही.

इंजिन चालू आहे.

फाटकाशी जावं का? नको. आधी होऊ दे. मी मोजते आहे. नऊ झाल्या. हात लिहितोय आणि ओठ मोजताहेत, पाचगणीला सिस्टर अ‍ॅग्नेसनी पाहिलं असतं तर कान पिळला असता.

पंधरा. अजून चालू आहे.